अंगणातल्या वांग्यासाठी ग्रो बॅग

एचडीपीईच्या, म्हणजे टिकाऊ प्लास्टिकच्या, रोपं लावायच्या या बॅगा, 15 बाय 15 इंची. जळगावचं ऊन खाऊन टिकतील का, हीच धास्ती होती. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला, तरी एक शिवण उसवली नाही. तळाची भोकं मात्र फार बारीक. आपली काळी माती ओली झाली की चिकट होते, पाणी तुंबतं. शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सढळ हाताने मिसळाच.

पावसाळ्यात भरताचं वांगं लावलं, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं जळगावचं! एका बॅगेत एकच रोप. फिकट हिरवी, चकचकीत साल, बिया अगदी कमी. भाजल्यावर गर लोण्यासारखा निघतो. गिलक्याच्या वेलाला मात्र मोठी बॅग घ्या.