रिकामी व्हॅन आदळते तेव्हा: शॉकअप, रबर, एअर बॅग आणि पाट्यांचा आढावा

व्हॅनचा आराम वाढवण्यासाठी म्हणून जे सामान विकलं जातं, त्यातलं बरंचसं मुळात वजन पेलण्यासाठी बनवलेलं असतं. एअर बॅग, जादा पाटा, जाड रबर या सगळ्या गोष्टी स्प्रिंग आणखी टणक करतात. मागून खाली बसलेल्या, कायम भरलेल्या गाडीला त्यांचा खूप उपयोग होतो. रिकामी किंवा अर्धी भरलेली व्हॅन मात्र त्या बसवल्यावर आणखीच उडायला लागते. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर पाहिली आहे: ती नेमका कोणता टणकपणा कमी करते?

कारण टणकपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ते बसल्या जागी ओळखू येतात. बारीक खडबडीवर सतत थरथर जाणवत असेल तर आधी टायरमधली हवा बघावी, मग पाट्यांमधलं घर्षण. रस्त्यातल्या छोट्या सांध्यावरही मागचा भाग एकदम उचलला जात असेल तर रिकाम्या वजनाच्या मानाने स्प्रिंग टणक आहे. मोठ्या खड्ड्यात 'धाड' असा कोरडा आवाज येऊन धक्का थेट पाठीत बसत असेल तर एक्सल बंप स्टॉपवर, म्हणजे त्याची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतोय. आणि एका गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहिली, तर शॉकअप संपलेत.

स्प्रिंग किती टणक आहे हे घरच्या घरी मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्या. मग बरोबर मागच्या एक्सलच्या वर १०० किलो वजन ठेवा, गाडी थोडी हलवून स्थिर होऊ द्या आणि पुन्हा मोजा. समजा गाडी ८ मिलिमीटर खाली आली. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून स्प्रिंग मिलिमीटरला साधारण १२० न्यूटन इतकी टणक आहे. मागच्या स्प्रिंगांवर ७०० किलो असतील तर ही गाडी सेकंदाला सुमारे २.१ वेळा हेलकावे घेते. तिथेच १४०० किलो झाले की तो आकडा दीडपर्यंत उतरतो. बहुतेक प्रवासी मोटारी १ ते १.५ च्या दरम्यान असतात. भरलेली व्हॅन मोटारीसारखी चालते आणि रिकामी झाली की आदळते, त्याचं कारण या हिशेबात आहे. गाडीत काही बिघाड नाही, ती फक्त ज्या वजनासाठी बांधली ते वजन तिच्यावर नाही. ५० मिलिमीटर खाली जायला किती किलो लागतील याचाही अंदाज यातून येतो, आणि बंप स्टॉपची फट किती वजनाला संपेल हे त्यावरून कळतं.

हवा. पैसे खर्च न करता सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि तरीही सगळ्यात शेवटी हेच तपासलं जातं. दारावरच्या पट्टीवरचा मागच्या टायरचा आकडा अनेकदा पूर्ण भरलेल्या गाडीचा असतो. २२५/७५ आर १६ सी मापाच्या, १२१ भारांकाच्या (टायरवर छापलेला भारक्षमतेचा संकेतांक) टायरची एकट्याची क्षमता १४५० किलो आहे. त्यावर ५०० किलो असताना पूर्ण हवा भरली की टायर धक्का फारसा शोषत नाही. योग्य पद्धत अशी: गाडी नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या. शक्य असेल तर डावं-उजवंही वेगळं, कारण कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, बनवलेल्या व्हॅनमध्ये पाण्याची टाकी आणि ओटा एकाच बाजूला असला की फरक चांगलाच पडतो. मग टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात जड बाजूच्या चाकाचं वजन शोधा आणि त्यासमोरच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब ठेवा. पट्टीवर ६५ पीएसआय असेल आणि तक्ता ४५ म्हणत असेल तर ५० वर थांबावं. तक्त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्याखाली कधीही जाऊ नये, आणि गाडी भरली की हवा परत वाढवायची. दाब ५-५ पीएसआयने उतरवत जा. प्रत्येक वेळी अर्धा तास वेगात चालवून गरम टायरचा दाब बघा. थंडपेक्षा तो साधारण दहा टक्के वाढणं ठीक, त्याहून बराच जास्त वाढला तर टायर जास्त वाकून तापतोय. दाब दाखवणारा दिवा लागू नये म्हणून यंत्रणेत नवा दाब नोंदवावा लागतो, ही बाब अनेक जण विसरतात. 'सीपी' खुणेचे कॅम्पर टायर मात्र वेगळे आहेत: त्यांना मागच्या एक्सलवर ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआयची शिफारस असते. रिकाम्या किंवा हलक्या व्हॅनला ते टायर घेऊच नयेत.

पाट्यांमधलं घर्षण. जुन्या व्हॅनमध्ये हाच मुख्य गुन्हेगार असतो. पाटे एकमेकांवर घसरले नाहीत तर पूर्ण गठ्ठा एका जाड पट्टीसारखा वागतो, आणि लहान धक्के स्प्रिंगपर्यंत न थांबता थेट चॅसिसमध्ये जातात. तपासणी सोपी आहे. मागचा बंपर दाबून गाडी खाली न्या, हळूहळू सोडा, उंची मोजा. मग बंपर वर उचलून हळूहळू खाली येऊ द्या, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. १५-२० मिलिमीटरचा फरक असेल तर पाटे किंवा शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश अडकलेत हे नक्की. दुरुस्तीसाठी चॅसिस जॅकवर घेऊन स्टँड लावा, एक्सल लटकू द्या, म्हणजे पाट्यांची टोकं सुटी होतात. पहारीने फट वाढवून तारेच्या ब्रशने गंज काढा, टोकांमधले झिजलेले प्लॅस्टिक पॅड बदला आणि ग्रॅफाइटचं किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) कोरडं वंगण मारा. साधं ग्रीस नको: त्यात धूळ बसून सहाणेसारखी माती तयार होते आणि खनिज तेलाने रबरी बुश फुगतात.

बुश बदलताना होणारी एक चूक सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर चाकं जमिनीवर टेकल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं. परिणामी गाडी टणक होते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून स्थिर करा आणि मगच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) आवळा.

बंप स्टॉप आणि त्यांची जागा घेणारे फोमचे ठोकळे. बऱ्याच व्हॅनमध्ये मागचे बंप स्टॉप लांब असतात आणि गाडी भरली की ते दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतात. त्यामुळे फट मोजणं महत्त्वाचं. शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा, नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. पट्टी किती सरकली ते दिसतं. बंप स्टॉपच्या टोकावर थोडी ओली माती लावली तर स्पर्श झाला का तेही कळतं. रोज स्पर्श होत असेल तर सुमोस्प्रिंग्जसारखे सूक्ष्म हवेच्या पेशी असलेले पॉलियुरेथेनचे ठोकळे चांगला पर्याय आहेत. ते हळूहळू टणक होत जातात, त्यामुळे 'धाड' जाऊन 'धप' होतं, आणि वळणावरचं कलणंही कमी होतं. देखभाल जवळपास शून्य. अट एकच: आराम हाच हेतू असेल तर रिकाम्या गाडीत एक्सल आणि ठोकळा यांच्यात स्पष्ट फट दिसली पाहिजे. पहिल्यापासून टेकलेला ठोकळा म्हणजे नुसती जादा स्प्रिंग. मूळ बंप स्टॉप कापून छोटे करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो धोक्याचा आहे. मग शॉकअप आतून तळाला आपटतो, नाहीतर टायर चाकाच्या कमानीला घासतो.

शॉकअप. इथे दोन नावं सतत समोर येतात आणि दोघांचं काम वेगळं आहे. कोनीच्या एफएसडी आणि पुढे स्पेशल ॲक्टिव्ह या नावाने आलेल्या शॉकअपमध्ये एक जादा झडप असते. जलद, लहान हालचालीत ती तेलाला पळवाट देते. लांब, संथ हालचालीत आत दाब वाढून ती बंद होते आणि पकड घट्ट होते. खडबडीवर मऊ आणि वळणावर भक्कम हे दोन्ही एकत्र मिळवायचं असेल तर हीच रचना योग्य. पुढच्या चाकांना ती बसवल्यावर चालकाला फरक सर्वाधिक जाणवतो, कारण तो पुढच्या एक्सलच्या जवळजवळ वरच बसलेला असतो. बिलस्टीनचे बी६ एकनळी, वायूदाबाचे शॉकअप आहेत. जड, उंच कॅम्परचं डोलणं ते उत्तम थांबवतात. पण रिकाम्या व्हॅनची थरथर त्यांनी कमी होईल ही अपेक्षा ठेवू नये. सर्वसाधारणपणे परतीच्या दिशेने फार घट्ट असलेला शॉकअप सलग खड्ड्यांवर गाडीला वर यायला वेळच देत नाही. ती दर खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. चालकाला वाटतं स्प्रिंग टणक आहे.

शॉकअपवर तेलाचा पातळ ओलावा असणं म्हणजे बिघाड नाही. ओघळ असेल तर बदलावा. पुढची स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) बदलताना वरचं बेअरिंग आणि माउंट नवं घ्या, कारण जुनं माउंट बसलेलं असेल तर नव्या शॉकअपचा अर्धा फायदा वाया जातो. स्प्रिंग दाबायला योग्य कॉम्प्रेसरच वापरा, आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

एअर बॅग. पाट्यांसोबत लावायच्या सहाय्यक बॅगा, उदाहरणार्थ फायरस्टोनच्या राइड-राइट, साधारण ५ ते १०० पीएसआयवर चालतात. मागून बसलेल्या कॅम्परला त्या मूळ उंची परत देतात, एक्सल बंप स्टॉपपासून दूर जातो आणि त्या अर्थाने आराम वाढतो. रिकाम्या व्हॅनसाठी ही चुकीची खरेदी आहे. बसवायच्याच असतील तर डाव्या-उजव्या बॅगेला स्वतंत्र नळी द्या. एकाच नळीवर जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बाजूला जाते आणि गाडी अधिक कलते. हवा पूर्ण काढून कधीही चालवू नका, बॅगेची घडी चिमटून फाटते. नळी सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा.

पाटा काढणं. हा उपाय स्वस्त, म्हणून लोकप्रिय. सारख्या जाडीच्या चार पाट्यांतला एक काढला तर स्प्रिंग साधारण पाव भागाने मऊ होते, पण तेवढ्याच वजनाखाली ती साधारण एक तृतीयांश जास्त दबते आणि गाडी खाली बसते. बंप स्टॉपची फट आधीच कमी असेल तर गाडी आता रोज त्यावर आपटते, म्हणजे मऊ केलेली व्हॅन जास्त कडक लागते. शिवाय गाडीची मंजूर भारक्षमता कागदावर तशीच राहते आणि प्रत्यक्षात उरत नाही. विम्याचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. ज्यांचं वजन कायमचं ठरलेलं आहे अशा कॅम्परसाठी तोललेलं एक्सल-वजन आणि हवी ती उंची लिहून देऊन पॅराबोलिक (मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत जाणारे) पाटे बनवून घेणं कितीतरी चांगलं. त्यात पाटे कमी, मध्ये फट, म्हणून घर्षणही कमी. सोबत यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा ताणलेले परत वापरू नयेत, आणि ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासावा.

पूर्ण एअर सस्पेन्शन. व्हीबी कंपनीच्या फुल-एअरसारख्या संचात पाटे जाऊन त्यांच्या जागी बॅगा आणि आर्म येतात. वजन वाढलं की बॅगेतला दाबही वाढतो, त्यामुळे हेलकाव्यांचा वेग रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत जवळजवळ सारखाच राहतो. वर काढलेल्या २.१ आणि १.५ मधली तफावत जवळजवळ मिटवणारा हाच एक उपाय. आरामात याच्या जवळ काही येत नाही. पण कॉम्प्रेसर, उंचीचे सेन्सर आणि झडपा हे सगळं सांभाळावं लागतं, खर्चही बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट. दररोज वजन बदलणाऱ्या, रुग्ण किंवा व्हीलचेअर नेणाऱ्या गाडीलाच तो शोभतो.

मागची उंची बदलणारं कोणतंही काम झाल्यावर, मग ते बॅगचं असो वा पाट्यांचं, दोन गोष्टी त्याच दिवशी करायच्या. हेडलाइटचा झोत पुन्हा लावायचा, आणि मागच्या एक्सलवर भार ओळखणारी ब्रेकची झडप असेल तर तिची दांडी नव्या उंचीला जुळवायची. उंची वाढली की ती झडप गाडी रिकामी समजते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी देते. भरलेल्या व्हॅनमध्ये थांबण्याचं अंतर त्याने वाढतं, आणि ते पहिल्यांदा कळतं जोरात ब्रेक दाबावा लागल्यावरच.