वीस मिनिटांची ओपीडी : मानसशास्त्रज्ञांसाठीच्या एका प्रशिक्षणक्रमाविषयी

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी आखलेला बारा शनिवारांचा प्रशिक्षणक्रम मी नुकताच पूर्ण केला. मधुमेह, हृदयरोग, क्षयरोग, प्रसूती अशा विभागांत डॉक्टर आणि परिचारिकांच्या बरोबरीने काम करण्याची तयारी करून घेणे हा त्याचा उद्देश असून शुल्क १८,००० रुपये होते. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे संस्थेचे नाव घेत नाही.

आमच्या पिढीचे शिक्षण मनोविकार विभागातच झाले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची दोन वर्षांची एम. फिल. करताना बंद दाराची शांत खोली, समोर एकच रुग्ण आणि पाऊण-एक तासाचे सत्र ही चौकट अंगवळणी पडते, आणि ती सामान्य बाह्यरुग्ण विभागात पहिल्याच दिवशी मोडते. पहिल्या शनिवारच्या सरावात मला वीस मिनिटे मिळाली होती. समोर साखर आटोक्यात येत नसलेल्या, रात्री झोप न लागणाऱ्या, साठीच्या बाईंची भूमिका करणारी एक प्रशिक्षिका होती. मी सवयीने कौटुंबिक इतिहासापासून सुरुवात केली आणि सात मिनिटे त्यातच घालवली. शेवटी मार्गदर्शकांनी मला थांबवले : ‘‘मॅडम, या बाई साखरेसाठी आल्या आहेत, मानसशास्त्रज्ञाकडे जायचे हे त्यांनी अजून ठरवलेलेही नाही. त्यांचे बालपण पुढच्या खेपेला पाहू.’’ अकरा वर्षांच्या व्यवसायानंतर हे ऐकणे सुखाचे नव्हते, पण ते खरे होते. या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारले तर मी या सरावांकडेच बोट दाखवेन. एकच अडचण निवडायची, ती रुग्णाच्या शब्दांत मांडायची, पुढच्या भेटीपर्यंत करता येईल अशी एक लहान कृती ठरवायची आणि मग डॉक्टरांना तीनच वाक्यांत सांगायचे : काय आढळले, मी काय केले, तुम्ही काय करावे. तिसरे वाक्य आम्हांला कुणालाच जमत नव्हते. लांबलचक अहवाल लिहिण्यात आम्ही पटाईत होतो, पण तो वाचायला कुणाला वेळ आहे, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारला नव्हता.

औषधशास्त्राच्या प्राध्यापिकांचे दोन तासही शुल्क वसूल करून देणारे होते. थकवा, विसराळूपणा आणि उदासी घेऊन आलेल्या रुग्णाची थायरॉइडची आणि बी-१२ची तपासणी झाली आहे का, हे आधी पाहावे. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नवलाची नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरिन स्वतःच नैराश्य किंवा भ्रम निर्माण करू शकते, आणि त्याच रुग्णाला लिनेझोलिड हे क्षयरोगावरचे दुसरे औषध चालू असताना नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्यांची जोड धोक्याची ठरू शकते. औषध लिहून देणे हे आमचे काम नाही, मात्र अशा रुग्णाच्या उदासीचा अर्थ केवळ ‘परिस्थितीमुळे’ असा लावणे ही आमचीच चूक ठरेल, हे त्यांनी नेमके पटवून दिले.

संशोधनाच्या सत्राबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायला हवे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने केलेल्या ‘मानस’ चाचणीवर अख्खी सकाळ खर्च झाली, आणि ते योग्यच होते, कारण अशा कामाचा आपल्या शेजारचाच इतका भक्कम दाखला दुसरा नाही. २४ दवाखान्यांतील, नैराश्य आणि चिंतेच्या विकारांच्या सुमारे २,८०० रुग्णांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक नेमल्यानंतर सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. आमच्या पडद्यावर एवढेच दाखवले गेले. त्याच अभ्यासातील निम्मे दवाखाने खासगी होते आणि तिथे असा ठळक फरक दिसला नाही, ही गोष्ट वगळली गेली. वर्गातील बहुतेक जण खासगी रुग्णालयांत काम करणारे असताना हे वगळणे मला खटकले. शिवाय त्या चाचणीतले समुपदेशक मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते या कामासाठी तयार केलेले सामान्य शिक्षित लोक होते. मग मानसशास्त्रज्ञाचे काम उरते कुठे? मला वाटते, अशा समुपदेशकांना शिकवण्यात, त्यांच्या कामावर देखरेख ठेवण्यात आणि अवघड रुग्ण स्वतः हाताळण्यात. या देखरेखीच्या कौशल्यासाठी बारा शनिवारांत मिळून अर्धा तास होता.

सर्वांत मोठी उणीव याहून साधी आहे. वर्गात आम्ही बावीस जण होतो आणि बावीसही मानसशास्त्रज्ञ. डॉक्टरची भूमिका आम्हीच आळीपाळीने केली, आणि आमचे ‘डॉक्टर’ फारच समंजस निघाले : ते मध्येच फोन घेत नव्हते, दाराबाहेर त्यांचे चाळीस रुग्ण ताटकळत नव्हते. अमेरिकेत २०१४ साली प्राथमिक आरोग्यसेवेतील मानसशास्त्रज्ञांसाठी जी क्षमतांची यादी तयार झाली, तिच्या सहा गटांपैकी एक गट केवळ परस्परसंबंधांचा आहे. आमच्या टिपणांच्या पहिल्याच पानावर ती यादी छापलेली होती. सहकाऱ्यांशी संबंध त्यांच्या गैरहजेरीत कसे शिकवणार, याचे उत्तर पुढच्या पानांवर नव्हते. एखादा निवासी डॉक्टर शनिवारी दोन तास बसवला असता तरी डॉक्टरांनी रुग्णाला त्याच खोलीत आपल्या हाती सोपवण्याचा सराव खराखुरा झाला असता.

गोपनीयतेवरचे सत्र अनपेक्षितपणे चांगले झाले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेण्यास सांगते, तर कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते आणि उपचारासाठी इतर आरोग्य व्यावसायिकांना माहिती देण्याची मुभाही ठेवते. मग सर्वांच्या हाताखालून जाणाऱ्या एकाच केसपेपरवर काय लिहावे? ‘नवऱ्याच्या व्यसनामुळे घरात मारहाण’ असे लिहिले तर तो कागद औषधाच्या खिडकीपर्यंत जातो, आणि पुष्कळदा तो नवऱ्याच्याच हातात असतो. आम्ही प्रत्यक्ष नोंदी लिहून एकमेकांच्या तपासल्या. माझ्या नोंदीतली चार वाक्ये खोडली गेली आणि उरलेली दोन डॉक्टरांना पुरेशी होती.

रुग्णालयातील प्रत्यक्ष काम चारच दिवसांचे होते. नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीत दिली गेली. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ या शब्दांवर वयस्कर रुग्ण हमखास अडखळतात, म्हणून अमावास्येपासून किंवा गेल्या दोन बाजारांपासून असे विचारावे, हे आम्हांला मार्गदर्शकांनी नव्हे, तर तिथल्या परिचारिकेने शिकवले. मरणाच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला ‘हो’ आल्यास त्या दिवशी नेमके कुणाला गाठायचे, याचा लेखी क्रम मात्र विभागाकडे नव्हता. आम्ही विचारल्यावर तो तिसऱ्या दिवशी तयार झाला.

नुकतीच पदवी घेतलेल्यांनी थोडे थांबावे, असे मी म्हणेन. तासाभराचे सत्र हातात बसलेले नसेल तर त्यातले काय कापायचे ते कळत नाही. पाच-सात वर्षे काम केलेल्यांनी जरूर जावे, पण प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : वर्गात डॉक्टर असतील का, आणि पुनर्वास परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे सीआरई (निरंतर शिक्षणाचे) गुण मिळतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. आम्हांला तोंडी ‘हो’ मिळाले होते; हाती आलेल्या प्रमाणपत्रावर गुणांचा उल्लेख नाही.