सेटिंग उतरवायची, अपस्केलिंग लावायचं की फ्रेमरेट बांधून टाकायचा?

८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १०८०पी स्क्रीन आणि 'सायबरपंक २०७७'सारखा जड गेम. सगळं अल्ट्रावर टाकलं की चित्र डोळ्यांत भरतं, पण गर्दीच्या चौकात गाडी वळवताना फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, ४५ वर घसरतो आणि ते हाताला लगेच जाणवतं. तिथून ६० गाठायचे तीन मार्ग आहेत. निवडक सेटिंग उतरवा, डीएलएसएस (एनव्हीडियाचं) किंवा एफएसआर (एएमडीचं) हे अपस्केलिंग लावा, नाहीतर ६० चा हट्ट सोडून खालच्याच पण स्थिर आकड्यावर फ्रेमरेट बांधा.

हिशेब मिलिसेकंदांत मांडला की निवड सोपी होते. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ४५ म्हणजे २२.२. कार्डावरचं साडेपाच मिलिसेकंदांचं काम उतरवायचं आहे, एवढाच प्रश्न.

पण काम कार्डावरच अडतंय ना, हे आधी बघा. एमएसआय आफ्टरबर्नर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावून खेळताना जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर ९५ टक्क्यांच्या वर दिसला तर अडचण कार्डाची. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमरेटवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडतोय. मग रिझोल्यूशन कितीही खाली आणा, आकडा हलणार नाही. अशा वेळी सायबरपंकमध्ये गेमप्लेच्या सेटिंगमधली गर्दीची घनता कमी केलेली जास्त उपयोगी पडते. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी बसवल्यानंही फरक पडतो.

निवडक सेटिंग उतरवणं

१०८०पीवर खेळणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. अल्ट्रा आणि हाय यांच्यात कार्डावरचा भार बराच वाढतो, आणि डोळ्यांना दिसणारा फरक त्या मानानं फारच थोडा असतो.

सगळ्यात आधी रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या दाखवणारी सेटिंग, बंद. त्यानंतर स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स, म्हणजे ओल्या रस्त्यावर आणि डबक्यात दिसणारी प्रतिबिंबं. सायबरपंकमध्ये यात 'सायको' नावाची पातळी आहे आणि ती नावाला जागते. ती मीडियमवर आणून पावसाळी रात्री रस्त्याकडे बघा. निऑन पाट्यांचं प्रतिबिंब थोडं दाणेदार होतं, पण चालत्या गाडीतून ते लक्षातही येत नाही. पाठोपाठ व्हॉल्युमेट्रिक फॉग (धुकं) आणि ढग, मग सावल्यांचं रिझोल्यूशन, मग अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या, फटींतल्या मंद सावल्या). प्रत्येक बदलानंतर गेममधलाच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं किती मिळालं ते कळत नाही.

टेक्श्चरचा, म्हणजे भिंती-कपड्यांसारख्या पृष्ठभागांवरच्या चित्रांचा, हिशेब मात्र वेगळा आहे. त्याचा भार मुख्यतः व्हीरॅमवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर, पडतो. व्हीरॅममध्ये जागा असेपर्यंत हाय टेक्श्चरनं फ्रेमरेट जवळपास कमी होत नाही. जागा संपली की डेटा मुख्य रॅममधून ये-जा करू लागतो आणि गेम झटके देतो. सरासरी ६० दिसते, पण मान वळवली की चित्र क्षणभर अडकतं. म्हणून सरासरीइतकंच 'एक टक्का लो'च्या, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या, आकड्याकडेही लक्ष द्या. ८ जीबीवर १०८०पीला टेक्श्चर बहुतेक गेममध्ये हायवर चालतं, ४ जीबीवर मीडियम बरं. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ एक्सवरच राहू द्या, ते जवळपास फुकट असतं आणि लांबवरचा रस्ता त्यामुळेच धारदार दिसतो.

अपस्केलिंग

डीएलएसएस किंवा एफएसआर गेम कमी रिझोल्यूशनवर काढतं आणि मोठा करून दाखवतं. इथे स्क्रीन किती पिक्सेलची आहे यावर सगळं ठरतं. १४४०पी स्क्रीनवर 'क्वालिटी' मोड निवडला तर आतलं चित्र साधारण १७०७ बाय ९६०, म्हणजे १६ लाखांहून जास्त पिक्सेल. १०८०पी स्क्रीनवर तोच मोड १२८० बाय ७२०, म्हणजे जेमतेम ९.२ लाख. कच्चा मालच कमी, त्यामुळे तारेचं कुंपण, विजेच्या तारा, केस अशा बारीक गोष्टी हलताना थरथरतात. एफएसआर २ मध्ये हे जास्त खुपतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डीएलएसएस ४ च्या नव्या मॉडेलनं चित्र बरंच सुधारलं आणि ते २० मालिकेपासूनच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. एएमडीचं एफएसआर ४ सुद्धा चांगलं आहे, पण ते आरएक्स ९००० मालिकेसाठी आलं.

म्हणून १४४०पी किंवा ४के स्क्रीन असेल तर क्वालिटी मोड बिनदिक्कत लावा, नेटिव्हवर, म्हणजे स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर, अडून बसण्यात अर्थ नाही. १०८०पीवर आरटीएक्स कार्ड असेल तर सेटिंग हाय-मीडियमवर आणूनही कमी पडलं तरच क्वालिटी मोड लावा. 'परफॉर्मन्स' मोडला तिथे हात लावू नका, तो गेम ९६० बाय ५४० वर काढतो.

फ्रेम जनरेशन हे अपस्केलिंगपेक्षा वेगळं प्रकरण. दोन फ्रेमच्या मध्ये तयार केलेली फ्रेम घातली की आकडा वाढतो, पण तुमच्या माऊसला मिळणारा प्रतिसाद वाढत नाही, उलट थोडा उशीर होतो. मुळात ६० च्या आसपास मिळत असतील आणि १२०-१४४ हर्ट्झची (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन भरायची असेल तर ते छान. ३० चे ६० करायला ते वापरू नका.

फ्रेमरेट बांधणं

या पर्यायाकडे फारसं कुणी वळत नाही, आणि लॅपटॉपवाल्यांचं सगळ्यात जास्त भलं इथेच आहे. ४० एफपीएसला एका फ्रेमला २५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३० आणि ६० यांच्या वेळेच्या बरोबर मध्ये. त्यामुळे ४० हे ३० पेक्षा आकड्यावरून वाटतं त्याहून बरंच सुरळीत वाटतं. १२० हर्ट्झ पॅनेलवर ४० नेमकं बसतं, १४४ वर ४८ किंवा ७२. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (स्क्रीनचा वेग फ्रेमरेटशी जुळवणारी सोय) असेल तर हा भागाकार जुळवायची तितकी गरज नाही.

बांधल्यावर कार्ड कमी तापतं आणि पंख्याचा आवाज उतरतो. एप्रिल-मे महिन्यात अकोला-नागपूरकडे खोलीच तापलेली असते. तिथे मोकळा सोडलेला लॅपटॉप अर्ध्या तासात स्वतःचा वेग कमी करून ६५ वरून ५० वर येतो. त्यापेक्षा सुरुवातीपासून ४८ वर बांधलेला गेम खेळायला कितीतरी सुखाचा. कथा असलेल्या, निवांत फिरायच्या गेमसाठी मी डोळे झाकून हाच मार्ग सांगेन.

'व्हॅलोरंट'सारख्या नेमबाजीच्या गेमला यातलं काहीच लागू नाही. तिथे सगळं लो, एनव्हीडिया कार्ड असेल तर रिफ्लेक्स (प्रतिसादातला उशीर कमी करणारी सोय) चालू, आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट गाठेपर्यंत कुठलीही शोभा नको.

फ्रेमरेटची मर्यादा गेममध्येच असेल तर तिथेच लावा, नसेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधल्या 'मॅक्स फ्रेम रेट'मधून. ड्रायव्हरमधल्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) बाकीच्या सेटिंग एकेक करून फिरवत बसू नका. तिथून जबरदस्तीनं लादलेलं अँटी-अलायझिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणं) तर आजच्या डायरेक्टएक्स १२ गेममध्ये लागूच होत नाही.