नऊ महिने ॲनिलिंग ओव्हन वापरून: ती एक क्लिप

गेल्या सोमवारी ॲनिलिंग ओव्हनचं (प्लास्टिकचे भाग तापवून सावकाश थंड करायच्या भट्टीचं) दार उघडलं आणि फॉर्मल्डिहाइडच्या वासाने डोळ्यांतून पाणीच आलं. आत चाळीस प्लास्टिक बुशांचा (दांड्यावर बसणाऱ्या नळीसारख्या भागांचा) वितळून एकच गोळा झालेला. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, क्लिपमधून निसटून चेंबरबाहेर आलं होतं. कंट्रोलर बाहेरची हवा मोजत राहिला, हीटर चालूच.

अंबडला माझं लेथचं छोटं शॉप आहे. द्राक्षबागेतल्या ब्लोअरचे बुश ॲसिटल कोपॉलिमर या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून काढतो. दुकानात सगळ्यालाच डेलरीन म्हणतात, पण डेलरीन होमोपॉलिमर, म्हणजे एकाच घटकाच्या साखळ्यांचं ॲसिटल. ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं १६५ ला. मी १५० वर ठेवतो, म्हणजे हातात पंधरा अंश. आणि एवढ्या महागड्या ओव्हनचा सेन्सर पत्र्याच्या एका क्लिपवर! दहा रुपयांचा बोल्ट लावला असता तर माझा माल वाचला असता.

सुरुवातीला मी ओव्हनलाच नावं ठेवत होतो. घेतला होता कडकपणासाठी, आणि ड्युरोमीटर (कडकपणा मोजायचं उपकरण) शोअर डी या मापावर ७० च्या आसपास दाखवायचा. चूक माझी होती, मी तुकडा गरम असतानाच मोजत होतो. दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर मोजलं तेव्हा ८० चे ८२ झालेले दिसले. तुकडा सहा मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर खालचं टेबलच मोजलं जातं, हेही तेव्हाच कळलं. उष्णतेने साखळ्या थोड्या नीट रचल्या जातात, स्फटिकांचं प्रमाण किंचित वाढतं, म्हणून कडकपणाही किंचितच. कोपॉलिमरमध्ये मधेमधे वेगळे घटक असल्याने ती रचना होमोपॉलिमरइतकी घट्ट होतच नाही. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये तर स्फटिकच नाहीत. तिथे फक्त आत साठलेला ताण जातो.

आणि ताण जाणं हेच माझ्या कामाचं निघालं. आता रफ टर्निंग करतो, चार तास १५० वर ठेवतो, दार न उघडता रात्रभर सोडतो, मग फिनिश बोअर, म्हणजे आतलं भोक नेमक्या मापाला. पूर्वी आठवड्यात बोअर ओव्हल व्हायचे. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीत एकही बुश परत आला नाही. हे मनापासून सांगतो.

पण कंपनीचा माणूस म्हणाला, क्लिप वॉरंटीत नाही, व्हिजिटचे ८०० द्या. दिले नाहीत. स्टीलचा क्लॅम्प स्वतः बसवला, जास्त तापलं की हीटर बंद करणारा वेगळा कटऑफ १५८ ला लावला. चाळीस बुशांचे पैसे मात्र मागतोच आहे.