मिक्सर ओढायचाय: छोटा हत्ती की बोनेटवाला पिकअप?

सोलापुरात छोटी बांधकामं घेणाऱ्याला गाडी दोन कामांना लागते. रोजचं सिमेंट, सेंट्रिंगच्या प्लेटा, खडी-वाळू हे एक, आणि आठवड्यातून एक-दोनदा काँक्रीटचा मिक्सर टोचन करून साइटवर नेणं हे दुसरं. पाऊण टनी छोटा हत्ती आणि दीड टनी बोनेटवाला पिकअप यांत अडतं ते इथंच.

पेठेतल्या कामाला छोट्याला तोड नाही. चाटी गल्लीसारख्या बोळात एका दमात वळतो. चाकं १२ इंची, त्यामुळे हौदा खाली. हमाल कमरेवरूनच पोतं सरकवतो. फक्त १५ पोत्यांवर पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, संपतं.

खरी अडचण हुकाच्या उंचीची. १०/७ मिक्सरचा (सुका माल १० घनफूट, तयार काँक्रीट ७) दांडा आडवा धरून त्याच्या टोकाच्या कड्याची उंची मोजा, मग हौदा भरून हुकाची मोजा. छोट्याचा हुक मुळात खाली, माल पडला की स्प्रिंगचे पाटे बसून आणखी खाली जातो. मिक्सर नाक खाली घालून चालतो, ड्रमचं वजन पुढे सरकून हुकावर येतं. हुक मागच्या एक्सलच्याही मागे असल्यानं पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग पोकळ लागतं. वर प्रत्येक गतिरोधकावर दांड्याखालचा टेकू खर्रकन घासतो. माझा कौल मोठ्याकडे गेला तो या घासण्यामुळेच.

यावर बंपरला उंच पट्टी वेल्ड करून मिळते, पण ती नको. ब्रेक मारला की मिक्सरचा धक्का त्या पट्टीला तरफेसारखा पिळतो. वेल्डच्या कडेला आधी केसाएवढी चीर दिसते, मग पट्टीच सुटते. हुक चॅसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या तुळईला), मागून जाड प्लेट देऊन, बोल्टांनीच बसवावा.

मोठ्याची चाकं १५ इंची, दांडा जवळपास सरळ राहतो. तुळजापूरच्या घाटात फरक जास्त कळतो. छोट्याचं दोन सिलिंडरचं इंजिन चढावर उचल घेताना हाफ क्लच मागतं, क्लचप्लेट जळते, आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. वेग २०-२५ पुरे, गाडी कुठलीही असो.

मोठ्याचे तोटेही आहेत. रिकामा असला की मागून आपटतो, बोळात दोनदा मागे-पुढे करावं लागतं. पावसाळ्यात जुळे सोलापूरच्या काळ्या मातीत रिकाम्या हौद्याची मागची चाकं जागीच फिरतात. एक्सलच्या वर वाळूची चार पोती ठेवली की पकड येते.

महिन्यातून एखादाच मिक्सर असेल तर छोटा घेऊन मिक्सरपुरता ट्रॅक्टर भाड्यानं सांगणं बहुधा परवडेल. दर आठवड्याचं काम असेल तर मोठाच बघा असं सुचवीन. हुकाच्या पिनेला खाली क्लिप हवी, तारेचा तुकडा नको, आणि दांड्याला वेगळी साखळी बांधलेली असू द्या.