व्हायोलिनसाठी ७८ की एलपी?

व्हायोलिनवादन ऐकायला जुन्या बाजारात ग्रामोफोनच्या दोन तऱ्हेच्या तबकड्या मिळतात: ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, आणि एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी ‘लाँग प्ले’. दोन्ही काळ्याच दिसतात. उचलून बघा: जड, कडक ती लाखेची ७८, हलकी, किंचित वाकणारी ती विनाइलची एलपी.

दहा इंची ७८ची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणजे राग आटोपशीरच. बारा इंची एलपीवर बाजूला वीसेक मिनिटं मिळतात, व्ही. जी. जोगांसारख्या व्हायोलिनवादकांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, ऐकायचा तर एलपीच. पण एक खोट आहे. आतल्या वळणांत सुईखालून खाच हळू सरकते, आणि नेमका तिथेच द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, आलेला असतो. वरच्या सप्तकातले सूर खरखरीत, फाटल्यासारखे लागतात. विकत घेताना म्हणून शेवटचा इंचभर वाजवून बघावा.

सुई मात्र वेगळीच हवी. ७८ला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एलपीला १८ ते २५ची. ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीवर टेकवली की तबकडी गेलीच म्हणा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर एलपी हमखास वाकते. लाखेची पडली की फुटते. दोन्ही उभ्याच ठेवा.

धुताना नळाचं जड पाणी नको, क्षार खाचेत बसतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. लाखेला स्पिरिट लावलंत तर लाखच विरघळेल. आणि पुसायला आपला सोलापुरी टॉवेल नकोच, धागे सुटतात, मायक्रोफायबर बरं.

पहिलीच खरेदी असेल तर एलपी घ्या. ७८चा नाद नंतर आपोआप लागतो.