एमएस की डीएनबी: जनरल सर्जरीची जागा भरताना

एमबीबीएसनंतरच्या नीट पीजी प्रवेशाच्या फेरीत पसंतीक्रम भरताना बहुतेक जण सगळ्या एमएस (मेडिकल कॉलेजातली पदवी) वर आणि सगळ्या डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, रुग्णालयांत शिकून मिळणारी पदवी) खाली लावून मोकळे होतात. दोन्ही 3 वर्षांचेच, आणि दोन्हींनंतर नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देता येते. खरा फरक टेबलावरचा पेशंट कोणाचा, यात आहे.

शासकीय किंवा महापालिकेच्या कॉलेजात पेशंट युनिटचा, म्हणजे प्राध्यापक आणि शिकाऊ डॉक्टरांच्या (रेसिडेंटच्या) टीमचा असतो. इमर्जन्सीच्या दिवशी पर्फोरेशन (जठराला किंवा आतड्याला पडलेलं छिद्र), अडकलेले हर्निया, अपघात, मधुमेहाने सडलेले पाय रात्रभर येत राहतात. हाऊसमनचा (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा) अर्धा दिवस रक्ताचे नमुने आणि सीटीच्या तारखांमागे जातो (ही हमाली कोणी चुकवलेली नाही), पण आयसीडी (छातीत नळी घालणं), डिब्रीडमेंट (सडलेला भाग काढणं) आणि अपेंडिक्स लवकर हातात येतात. तिसऱ्या वर्षाचा रजिस्ट्रार रात्री दोन वाजता पर्फोरेशनचं पोट उघडतो, सलाईनने धुऊन ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) पॅच लावतो. लेक्चरर समोर उभे असतात. रखडते ती लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया). टॉवर (दुर्बिणीच्या यंत्रांचे संच) मोजके, युनिटं अनेक, त्यामुळे दुर्बिणीने पित्ताशय स्वतः काढायला मिळेपर्यंत तिसरं वर्ष उजाडतं.

खासगी रुग्णालयातल्या डीएनबीत पेशंट कन्सल्टंटचं नाव ऐकून आलेला असतो आणि बिल भरतो. साहजिकच रेसिडेंटच्या हाती कॅमेरा राहतो. कॅमेरा धरणं हलकं काम नाही: क्षितिज तिरकं होऊ द्यायचं नाही, लेन्स धूसर झाली की गरम सलाईनमध्ये बुडवून पुसायची. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटून त्यात शिरणाऱ्या दोनच रचना दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, ही शिस्त इथे नीट अंगवळणी पडते. ऑपरेशनपूर्व तयारी आणि आयसीयूही सहसा चांगलं शिकायला मिळतं. पण नुसतं पाहून हात बसत नाही. पुढे तालुक्याच्या गावी दुर्बिणीतून रक्तस्राव आवरेना आणि पोट उघडायची वेळ आली, की ही उणीव उघडी पडते.

मात्र डीएनबी म्हणजे कॉर्पोरेटच, असंही नाही. जिल्हा रुग्णालयं आणि जनरल वॉर्ड मोठा असलेली ट्रस्टची रुग्णालयं यांत हिशेब उलटा होऊ शकतो. आमच्या मते अशी जागा पेशंट नसलेल्या खासगी कॉलेजच्या महागड्या एमएसच्या वर लावावी.

परीक्षेत डीएनबी कडक. थिअरीचे 4 पेपर पास झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही, त्यामुळे थिअरीत अडकलं की पुढचं सहा महिने लांबतं. एमएसला थिअरी आणि प्रॅक्टिकल लागोपाठ होतात. उलट बाजूला बाँड: महाराष्ट्रात शासकीय कॉलेजातून एमएस केल्यावर एक वर्षाची सेवा, नाहीतर 50 लाख दंड. अध्यापनात जायचं असेल तर डीएनबीवाल्यांनी सीनियर रेसिडेन्सीचा (पदवीनंतरच्या रेसिडेन्सीचा) त्या वर्षीचा नियम वाचून घ्यावा.

पर्याय लॉक करण्याआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि लॉगबुक (केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही) दाखवायला सांगा. ‘असिस्ट केलं’ हा रकाना सगळीकडेच भरलेला असतो, तो सोडून द्या. हर्निया आणि अपेंडिक्स स्किन टू स्किन (पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत) स्वतः किती केले, लॅप्रोस्कोपी कितव्या वर्षी हातात आली, आणि चांगल्या केसेस फेलो किंवा एमसीएचवाले (एमएस-डीएनबीच्या पुढचं शिकणारे) उचलतात का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तराआधी तो हसला, तर तेही टिपून ठेवा.